परमुलखांत राहणाऱ्यानें तेथील भाषा शिकावी काय?

पोटासाठीं, विद्येसाठीं किंवा व्यापारासाठीं मनुष्य आपलें गांव सोडून परमुलखांत जातो, तेव्हां तो बरोबर काय काय नेतो? चार कपडे, थोडीं भांडीं, थोडा पैसा, पदवीचा कागद आणि आपली भाषा. यांपैकीं कपडे व भांडीं तेथेंही उपयोगीं पडतात. पैसा बदलून घेतां येतो. पदवीचा कागद तपासून मान्य होतो. भाषा मात्र सरहद्द ओलांडतांच पुष्कळशी निरुपयोगी होते, आणि तिच्या जोडीला दुसरी मिळवावी लागते. ती मिळविणें खरोखर अवश्य आहे काय, कीं तिच्यावांचूनही मनुष्य सुखानें राहूं शकतो, हा प्रश्न आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील वरच्या वर्गांचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक आतां विचारूं लागले आहेत.

त्याला कारणही तसेंच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांताशीं करार केला. रुग्णसेवा, वीजकाम, वाहन चालविणें, उपाहारगृहें इत्यादि धंद्यांत शिकून तयार झालेले तरुण तिकडे पाठवावयाचे, व जाण्यापूर्वीं त्यांस जर्मन भाषा शिकवावयाची, असें ठरलें. इकडे दुबईला जाणाऱ्या तरुणास अरबी शिकून ये असें सहसा कोणी सांगत नाहीं. एकाच बाकावर बसून शिकलेल्या दोघां मित्रांपैकीं एकानें नव्या भाषेसाठीं महिनेच्या महिने घालवावे आणि दुसऱ्यानें विमानाचें तिकीट काढून सरळ निघावें, हा फरक कां, याचा विचार केल्यास आमच्या प्रश्नाचें उत्तर सांपडण्यास मदत होईल.

कित्येकांचें म्हणणें असें कीं, परभाषा शिकण्याची कांहीं एक गरज नाहीं. त्यांचा पक्ष आम्ही प्रथम मांडतों, कारण तो अगदींच टाकाऊ नाहीं. संयुक्त अरब अमीरातींत मूळच्या नागरिकांची संख्या एकंदर वस्तीच्या सुमारें एकदशांश आहे. बाकीचे बाहेरून आलेले. दुकानदार केरळचा, वाहनचालक पाकिस्तानचा, गवंडी बिहारचा, हिशेबनीस महाराष्ट्राचा. यांचें आपसांतील बोलणें हिंदी, उर्दू व इंग्रजी यांवर भागतें. अशा ठिकाणीं वीस वर्षें राहून अरबीचीं वीस वाक्येंही न शिकतां मनुष्य परत येऊं शकतो. संगणकाच्या मोठ्या कंपन्यांतही पुष्कळ ठिकाणीं कामाची भाषा इंग्रजीच असते. शिवाय आतां मोबाइलमध्यें भाषांतर करणारें यंत्र आलें आहे. आपण मराठींत बोलावें व त्यानें दुसऱ्या भाषेंत बोलून दाखवावें. मग दोन-तीन वर्षांसाठीं जाणाऱ्यानें नव्या व्याकरणाशीं डोकेंफोड कां करावी, असें हे लोक विचारतात.

या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु त्यांत एक गोष्ट न सांगतां गृहीत धरली आहे. ती ही कीं, भाषेची गरज फक्त जाणाऱ्याच्या सोयीवरून मोजावयाची. आमच्या मतें माप येथेंच चुकतें. दोन माणसें समोरासमोर आलीं आणि त्यांची भाषा एक नसली, तर मध्यें एक ओझें उत्पन्न होतें. तें कोणी तरी उचलावेंच लागतें. आलेल्यानें तें उचललें नाहीं म्हणजे तें नाहींसें होत नाहीं; दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जातें, आणि बहुधा जो अधिक दुबळा असतो त्याच्याच डोक्यावर जातें. म्हणून "माझें भाषेवांचून भागेल काय?" एवढाच प्रश्न पुरेसा नाहीं. "मी भाषा न शिकल्यास तिचा भार कोणावर पडेल?" हा खरा प्रश्न होय.

या मापानें पाहूं गेल्यास अमीरातींतील मजुराचें उदाहरणही निराळें दिसूं लागतें. त्याच्या न शिकण्यानें तेथील धनिक अरबाचें कांहीं बिघडत नाहीं, हें खरें. परंतु त्या देशाची राजभाषा अरबी आहे. मजुरीचा वाद न्यायालयांत गेला, म्हणजे सामान्यतः अरबी कागदाला मान मिळतो, आणि आपण कशावर अंगठा उठवला किंवा सही केली हें त्या बिचाऱ्यास वाचतां येत नाहीं. सुखाच्या दिवसांत जी भाषा लागली नाहीं, ती संकटाच्या दिवशीं लागते. आणि त्या दिवशीं ती शिकावयास वेळ नसतो.

आतां जर्मनीकडे वळूं. युरोपांत परभाषेच्या ज्ञानाच्या सहा पायऱ्या मानतात: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ व सी-२. पहिल्या पायरीवरील मनुष्य आपलें नांव-गांव सांगतो, किंमत विचारतो, वाट विचारतो. चवथ्या पायरीवर तो आपल्या धंद्यांतील विषयावर फारसें न अडखळतां बोलूं शकतो. जर्मनींत परदेशी परिचारिकेस पूर्ण हक्काची परिचारिका म्हणून काम करावयाचें असल्यास सामान्यतः ही चवथी पायरी गांठावी लागते. डॉक्टरांची तर वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा घेतात. उलट, स्वयंपाकघरांत भांडीं घासणाऱ्यास एवढें ज्ञान कोणी विचारीत नाहीं. याचें कारण उघड आहे. परिचारिकेच्या हातीं दुसऱ्याचा जीव असतो. तिची भाषा कच्ची राहिली, तर त्याचा भार तिच्यावर नव्हे, बिछान्यावर पडलेल्या रोग्यावर पडतो.

हें परक्या देशाचें उदाहरण आपल्या घरचें करून पाहावें. आमच्या जिल्ह्यांतील एखादी म्हातारी दवाखान्यांत येऊन सांगते कीं, डोकें ठणकतें, पाठींत उसण भरली आहे, छातींत चमक निघते, पायांस मुंग्या येतात, पोटांत मधूनमधून कळ येऊन जाते. ठणका, उसण, चमक, मुंग्या आणि कळ हीं पांच निरनिराळीं दुखणीं आहेत. ज्यास मराठी येतें तो वैद्य यांतील प्रत्येक शब्दावरून निराळा तर्क करतो. बाहेरून आलेल्या डॉक्टरास "दुखणें" एवढा एकच शब्द ठाऊक असेल, तर त्याला पांचही ठिकाणीं नुसतें दुखतें एवढेंच कळणार. त्याची विद्या कमी नाहीं. विद्येपर्यंत पोंचण्याची वाट मात्र बंद आहे. प्रत्येक भाषेंत वेदनेचे असे आपापले शब्द असतात, आणि मनुष्य आजारी पडला म्हणजे तो आपल्या आईच्या भाषेंत कण्हतो. भाषांतराचें यंत्र बाजारांत भाव विचारण्यास उत्तम आहे. परंतु भ्यालेला, कण्हणारा, गांवढळ बोलींत अर्धेंमुर्धें वाक्य पुटपुटणारा मनुष्य काय म्हणतो, हें अद्याप त्याच्यावर सोंपवून निर्धास्त राहतां येत नाहीं.

हाच भार कधीं कधीं स्वतःच्या घरांतही उतरतो. परदेशीं गेलेल्या कुटुंबांत बाप कामावर थोडी भाषा शिकतो. मुलें शाळेंत जाऊन झपाट्यानें बोलूं लागतात. घरांत राहणारी आई मात्र मागें राहते. मग दवाखान्यांत, कचेरींत, शाळेच्या सभेंत दहा वर्षांचा मुलगा आईचा दुभाषी होतो. जें दुखणें आईनें मुलासमोर बोलूं नये, तें तिला त्याच्याच तोंडून डॉक्टरास सांगावें लागतें. म्हणून ती तें सांगतच नाहीं. मुलगाही आपल्या वयास न शोभणारीं ओझीं वाहूं लागतो. परमुलखांत जाणाऱ्यांनीं घरांतील कर्त्या पुरुषाबरोबर स्त्रियांच्या भाषाशिक्षणाची सोय प्रथम पाहावी, असें आम्ही आग्रहानें म्हणतों तें याचसाठीं.

जेथें सत्ता हातीं असलेला मनुष्य लोकांची भाषा शिकत नाहीं, तेथें काय होतें, हें समजण्यास हिंगोलीच्या रहिवाश्यांस लांब जावयास नको. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला. त्यापूर्वीं तो परभणी जिल्ह्याचा भाग होता, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. त्या संस्थानांत सुमारें निम्मे लोक तेलुगु बोलत, सुमारें चवथाई मराठी, आणि दक्षिणेकडील कांहीं जिल्ह्यांत कानडी चाले. तरी राज्यकारभाराची भाषा आधीं फारसी होती, व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या जागीं उर्दू आली. १९१८ मध्यें स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणही उर्दूंतून होई. परदेशी इंग्रजीऐवजीं एका देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयत्न होता, हें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. परंतु कयाधूकांठच्या शेतकऱ्यास काय त्याचें? त्याला आपल्याच जमिनीविषयीं अर्ज करावयाचा झाल्यास अर्जनवीसाकडे जावें लागे. आपण सांगितलें तेंच त्यानें लिहिलें किंवा नाहीं, व वरून आलेल्या हुकुमांत काय लिहिलें आहे, हें दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें लागे. अधिकाऱ्यानें न शिकलेल्या भाषेची किंमत अशा रीतीनें रयतेनें भरली.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमच्या गांवोगांव पिढ्यान्‌पिढ्या राहणारे उर्दू बोलणारे शेजारी हे परके नव्हते व नाहींत. त्यांच्या दखनी बोलींत मराठी "नको" "नक्को" होऊन बसला आहे. आणि आमच्या मराठींत अर्ज, जमीन, तहसील, दस्तऐवज, हजर हे शब्द फारसी-अरबींतून येऊन घरचे झाले आहेत. बाजारांत व शेतांत लोक एकमेकांची भाषा हुकुमावांचून शिकतात. दोष त्या भाषेचा नाहीं. लोकांकडे न येतां लोकांनींच आपल्याकडे यावें असें म्हणणाऱ्या कारभाराचा आहे.

याचें दुसरें टोंक गोव्यांत दिसलें. १६८४ मध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं, तेथील लोकांनीं कोंकणी सोडून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज बोलावयास लागावें. पाहुण्यानें यजमानाची भाषा शिकण्याऐवजीं यजमानालाच मुदत घालून दिली! तीन वर्षें काय, तीनशें वर्षें लोटलीं. पोर्तुगीज सत्ता १९६१ मध्यें गेली, आणि कोंकणी १९८७ मध्यें गोव्याची राजभाषा झाली. लोकांच्या जिभेवर हुकूम चालत नाहीं, हें यावरून दिसून येईल.

त्याच गोव्यांत या फर्मानाच्या शंभर वर्षें आधीं एक परदेशी मनुष्य नेमका उलट वागला होता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडांत जन्मलेला धर्मोपदेशक १५७९ मध्यें गोव्यास आला, आणि १६१९ मध्यें मरण पावेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, येथेंच राहिला. त्यानें कोंकणीचें व्याकरण रचलें. तें त्याच्यामागें १६४० मध्यें छापून निघालें. मराठींत त्यानें क्रिस्तपुराण हा दहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ लिहिला; तो १६१६ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्ञानेश्वर-एकनाथांनीं वापरलेला ओवीछंद त्यानें उचलला, व मराठी भाषेची थोरवी त्यानें स्वतः गायिली. पुढें बंगालमधील श्रीरामपूर येथें विल्यम कॅरी यानें वैजनाथ पंडिताच्या साह्यानें १८०५ मध्यें मराठीचें व्याकरण व १८१० मध्यें कोश तयार केला. मोल्स्वर्थ नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें देशी पंडितांस हाताशीं घेऊन १८३१ मध्यें जो मराठी-इंग्रजी कोश काढला, त्याची सुधारलेली आवृत्ति १८५७ मध्यें निघाली, आणि जुने शब्द पाहण्यास अभ्यासक आजही ती उघडतात.

या लोकांचे हेतु त्यांचे त्यांचे होते. कोणी धर्मोपदेशासाठीं शिकला, कोणी कंपनीच्या राज्यकारभारासाठीं. भाषा शिकणारा प्रत्येक मनुष्य लोकांचा हितकर्ताच असतो, असें आम्ही म्हणत नाहीं. राज्य करण्यासाठींही भाषा शिकतां येते. परंतु एवढें खरें कीं, ज्यास लोकांनीं आपलें ऐकावें असें वाटतें, त्यास आधीं लोकांचें ऐकावें लागतें. वैजनाथ पंडितासमोर बसून चुका सुधारून घेतांना कॅरीसाहेब शिष्य होते आणि पंडित गुरु. परक्यास शिष्यत्व पत्करावयास लावणारी अशी दुसरी युक्ति आम्हांस ठाऊक नाहीं.

परंतु या बाबतींत सर्वांत मोठा दाखला आमच्या जिल्ह्याचाच आहे. कयाधू नदीच्या तीरावरील नर्सी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरेनें मानलें जातें. १२७० ते १३५० हा त्यांचा काळ समजतात. आयुष्याच्या उत्तरार्धांत ते उत्तरेकडे गेले, व पंजाबांत घुमान येथें दीर्घकाळ राहिले, असें परंपरा सांगते. तेथें त्यांनीं मराठी अभंगच म्हणून दाखविले असते, तर श्रोत्यांनीं कौतुकानें मान डोलविली असती व विसरून गेले असते. नामदेव तेथील लोकांस समजेल अशा भाषेंत बोलले. त्यांच्या नांवाचीं ६१ पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबांत आहेत. त्या पदांची भाषा उत्तरेकडील आहे, पण मधूनच त्यांत मराठीचीं रूपें डोकावतात. म्हणजे परक्या भाषेंत बोलतांना त्यांनीं आपली वळणें पूर्ण टाकलीं नाहींत, आणि ऐकणाऱ्यांनींही त्यांस हंसून परत पाठविलें नाहीं. एप्रिल २०१५ मध्यें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथें भरलें, तें या ऋणानुबंधामुळेंच.

नवी भाषा घेतली म्हणजे जुनी हातची जाईल, अशी भीति पुष्कळांस वाटते. तिला नामदेवांच्या चरित्रांत उत्तर आहेच. दुसरें उत्तर बेने इस्रायल समाज देतो. कोंकणांत कित्येक शतकें राहिलेले हे यहुदी लोक मराठी बोलत. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्रायलांत गेले. तेथें नवागतांस हिब्रू शिकविण्यासाठीं उल्पान नांवाचे खास वर्ग असतात. त्यांत बसून व कामावर कानांवर पडून त्यांनीं ती भाषा आत्मसात केली. तरी मराठी त्यांनीं एकदम टाकून दिली नाहीं. "मायबोली" नांवाचें मराठी नियतकालिक त्यांनीं त्या देशांत चालविलें. भाषा ही एका म्यानांत एकच राहणारी तलवार नव्हे. घरीं मराठी बोलणें हें आईबापांचें काम आहे. तें त्यांनीं केल्यास बाहेरची भाषा मराठीस मारीत नाहीं, व न केल्यास गांवांत राहूनही मराठी क्षीण होते.

मग किती शिकावें? सर्वांनींच पंडित व्हावें असें नाहीं. जो आठ दिवसांसाठीं जातो, त्यानें नमस्कार, आभार, क्षमा आणि वाट विचारणें एवढें शिकावें. तो पाहुणा आहे. जो कामासाठीं वर्ष दोन वर्षें राहतो, त्यानें बाजार, प्रवास, दवाखाना व आपल्या कराराचा कागद यांपुरती भाषा घ्यावी. जो तेथें घर करतो, त्यानें शेजाऱ्याच्या सुखदुःखांत बोलतां येईल इतकी घ्यावी. जर्मनीचें नागरिकत्व मागणाऱ्यास बी-१ पायरी दाखवावी लागते, ती याच विचारानें. आणि ज्याच्या हातीं दुसऱ्याचा जीव, न्याय, पैसा किंवा मूल सोंपविलें आहे, म्हणजे परिचारिका, वैद्य, अधिकारी, पेढीवरील कारकून व शिक्षक, त्यानें ती उत्तम शिकलीच पाहिजे. त्याला सोयीची सबब नाहीं. हा नियम जर्मनीस जाणाऱ्या आमच्या मुलीस लागू आहे, तसाच बाहेरून हिंगोलीस बदलून आलेल्या अधिकाऱ्यासही लागू आहे.

शिकण्याची रीत फारशी गूढ नाहीं. आधीं कान तयार करावा, मग जीभ. रोज थोडें, पण न चुकतां करावें. एकेकटे शब्द घोकण्यापेक्षां संपूर्ण वाक्यें पाठ करावीं. आपल्या धंद्याचे शब्द प्रथम घ्यावे. परिचारिकेनें शरीराचे, सुतारानें लांकडाचे. मुलांस चूक करण्याची लाज वाटत नाहीं म्हणून तीं लौकर बोलूं लागतात. प्रौढानें तेवढी लाज सोडावी.

शेवटीं एक शब्द यजमानांविषयीं, कारण या व्यवहाराला दुसरी बाजूही आहे. आमच्याकडे परप्रांतांतून मजूर, कारागीर व व्यापारी येतात. हळदीच्या पेठेंत कित्येक व्यापारी कुटुंबें मूळचीं राजस्थानची, पण शेतकऱ्याशीं त्यांचें बोलणें अस्सल वऱ्हाडी-मराठवाडी वळणाचें असतें. तें त्यांस कोणी मारून शिकविलें नाहीं. शेतकरी मराठींत बोलत राहिला म्हणून तें आलें. आतां मात्र नवा मनुष्य दोन शब्द मराठी बोलूं लागला कीं आपणच चटकन हिंदीवर उतरतों, नाहीं तर त्याच्या उच्चारास हंसतों. आणि पुढें तोच मराठी शिकत नाहीं म्हणून रागावतों! हें बरें नव्हे. पाहुण्यानें शिकण्याची उमेद धरावी, आणि यजमानानें शिकविण्याचा धीर धरावा. आपल्या वर्गांत परप्रांतीय मजुराचें मूल येऊन बसलें, तर त्याच्याशीं सावकाश मराठींत बोलावें, त्याच्या भाषेंतील दोन शब्द आपणही विचारून घ्यावे.

उद्यां आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी राइन नदीच्या कांठीं एखाद्या रुग्णालयांत रात्रपाळीस उभा असेल. शेजारच्या बिछान्यावरचा वृद्ध मनुष्य आपल्या आईच्या भाषेंत कांहीं पुटपुटेल. त्या वेळीं तें त्यास समजावें, एवढ्यासाठीं आज संध्याकाळची एक घटका खर्चली, तर ती वांया गेली असें कोण म्हणेल?